काळ्या मातीचा स्वभाव

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की दोन प्रश्न हमखास कानावर येतात. पहिला: "गावाकडे प्लॉट घेतलाय, माती काळी आहे, बांधावं का?" आणि दुसरा: "वडिलोपार्जित काळी जमीन आहे, बोअर मारून पाण्याखाली आणावी का?" मी माती-परीक्षणाच्या क्षेत्रातला माणूस, दम्मामला येऊन बावीस वर्षे झाली, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. रांगेत ताट हातात धरून त्यांचे उत्तर देता येत नाही. म्हणून संपादकांनी पुरवणीत जागा देऊ केली तेव्हा मी ती आनंदाने घेतली. दुसरा प्रश्न तर सध्या माझ्या स्वतःच्या घरातच पेटलेला आहे. त्याबद्दल पुढे लिहितोच.

आपल्याकडे 'काळी' म्हटले की 'कसदार' हा शब्द आपोआप मागे येतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. काळ्या मातीला काळी म्हणणे म्हणजे एखाद्या माणसाची ओळख त्याच्या रंगावरून करून देण्यासारखे आहे. रंगाने तिचे काहीच कळत नाही. तिचे सगळे कर्तृत्व आणि सगळी खोड तिच्या चिकणकणांत आहे.

मातीचे कण आकारमानाप्रमाणे तीन गटांत मोडतात. दोन मिलिमीटरपासून ०.०५ मिलिमीटरपर्यंत ती वाळू, तिथून ०.००२ मिलिमीटरपर्यंत गाळ आणि त्याहून बारीक ते चिकणकण. आपल्या भारी काळ्या मातीत या शेवटच्या गटाचे प्रमाण बहुधा निम्म्याच्या आसपास असते, काही ठिकाणी साठ टक्क्यांच्या वर. पण चिकणमाती कोकणातल्या भातखाचरातही असते आणि ती अशी वागत नाही. फरक आहे खनिजाचा. काळ्या मातीतल्या चिकणकणांत 'स्मेक्टाइट' नावाचे खनिज प्रमुख असते. पापडाची चळत डोळ्यांसमोर आणा. स्मेक्टाइटचा प्रत्येक कण अशाच अतिपातळ पापुद्र्यांचा बनलेला असतो आणि पापुद्रे एकमेकांना घट्ट चिकटलेले नसतात. पाणी मिळाले की ते दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, पापुद्रे दूर सरकतात आणि कण फुगतो. पाणी गेले की ते पुन्हा जवळ येतात. एका ग्रॅम स्मेक्टाइटमधल्या सगळ्या पापुद्र्यांचा पृष्ठभाग एकत्र मोजला तर तो ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो. म्हणजे चिमूटभर मातीत एका प्रशस्त बंगल्याचा प्लॉट! एवढा पृष्ठभाग पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवायला मिळतो, म्हणून ती कसदार. आणि याच पृष्ठभागामुळे ती फुगते.

हे खनिज आले कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आज शिल्लक असलेला हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापतो. पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक असलेल्या भागात बेसाल्ट झिजला की त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पूर्ण वाहून जात नाही, आणि अशा परिस्थितीत स्मेक्टाइट तयार होते. तोच पाषाण महाबळेश्वरच्या माथ्यावर पावसाने धुऊन निघाला आणि तिथे लाल जांभा झाला. आई एकच, पण एक मूल घाटमाथ्यावर वाढले आणि दुसरे वऱ्हाडात.

रंगाचेही सांगून टाकतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहे. काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय पदार्थ, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब साधारण एक टक्क्याच्या आतच असतो, पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्याही खाली. जो थोडा ह्यूमस आहे तो चिकणकणांशी इतका घट्ट बांधला गेलेला असतो की थोड्या रंगात सगळे कापड रंगावे तसे होते. तेव्हा काळी दिसते म्हणून शेणखताची गरज नाही, हा हिशेब खोटा.

आता तिचे वर्षभराचे वागणे पाहू. उन्हाळ्यात ती आकसते आणि भेगाळते. भेगा मनगटाएवढ्या रुंद आणि मीटरभर किंवा त्याहून खोल जातात. आमच्या लहानपणी शेतात हरवलेला चेंडू भेगेत गेला असे समजून कोणी शोधायच्या भानगडीत पडत नसे. वरचा थर उन्हाने भुसभुशीत होतो, त्याचा चुरा भेगांत पडत राहतो. मग मृगाचा पाऊस येतो. पहिले पाणी भेगांतून थेट खाली उतरते, माती फुगते, भेगा मिटतात. आणि एकदा मिटल्या की तीच जमीन पाणी आत घ्यायला तयार नसते. वरून पाणी वाहू लागते, चिखल पायाला शेराशेराने चिकटतो. उघडीप मिळाली की वाफसा येतो. 'वाफसा' या शब्दाला मला आजवर दुसऱ्या भाषेत एका शब्दाचा पर्याय सापडलेला नाही. औत चालेल इतका ओलावा, ना चिखल ना ढेकूळ. काळ्या जमिनीत ही अवस्था फार थोडा वेळ टिकते. दोन दिवस उशीर झाला की ढेकळे दगडासारखी होतात. वऱ्हाडातला शेतकरी नांगरापेक्षा वखरावर जास्त विसंबून राहिला त्याचे कारण हेच. वखराची पाळी वरच्या वर फिरते, भेगांची तोंडे बुजवते आणि खालची ओल राखते.

त्या ओलीवरच आपले रब्बी उभे आहे. मीटरभर खोल काळ्या मातीत पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे दोनशे मिलिमीटर पाणी साठते. सोलापूरकडची शाळूची ज्वारी पावसाळा संपल्यावर पेरली जाते आणि आभाळाकडून जवळजवळ काही न घेता या साठ्यावर पिकते. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली 'मालदांडी ३५-१' ही ज्वारी इतकी वर्षे टिकून आहे ती याच कामासाठी. इथे आपण ती भाकरी खायला मिळावी म्हणून बॅगेत पीठ भरून आणतो, तेव्हा खरे तर मागच्या सप्टेंबरचा पाऊसच आणत असतो.

भेगांत पडलेल्या चुऱ्याकडे परत येऊ. खाली चुरा साचलेला आणि वरून पाणी आलेले; फुगायला जागा कुठे? मग माती आतल्या आत एकमेकांवर घसरते. खड्डा खणून पाहिले तर दीड-दोन फुटांखाली मातीचे पाचरीसारखे तिरपे तुकडे निघतात आणि त्यांचे पृष्ठभाग घासून घासून आरशासारखे चकाकतात. हजारो वर्षे ही जमीन स्वतःला घुसळत आली आहे. शास्त्रीय वर्गीकरणातले तिचे नावही या घुसळण्यावरूनच आहे: 'व्हर्टिसॉल'. लॅटिनमध्ये 'व्हर्टेरे' म्हणजे वळणे, उलटणे.

पण शास्त्रज्ञांच्या आधी आपल्या लोकांनी वर्गवारी केलेली होतीच. गावाची जमीन मुळात दोन भागांत: वस्तीची ती 'पांढरी' आणि पिकाची ती 'काळी'. पांढरी माती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडलेल्या भिंती आणि राबता यांतून साचलेली. जुनी वस्ती कुठे होती हे पुराणवस्तू-संशोधक आजही पांढरीच्या टेकाडावरून ओळखतात. पिकाच्या जमिनीत मग पोटभेद. नागपूर भागात काळी, मोरंड, खरडी, बरडी, रेताडी अशी उतरती भाजणी होती. इतरत्र भारी, मध्यम, हलकी, मुरमाड. पाणी साचून बिघडली ती चिबड, मिठाने बिघडली ती खारवट आणि वरून ठीक दिसून आतून बंद झाली ती चोपण. हा 'चोपण' शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

इंग्रजांनी सारा ठरवण्यासाठी या ज्ञानाला गज लावला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरपासून जी पाहणी सुरू केली, तिच्यात मातीच्या नऊ प्रती ठरल्या. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी जमीन ती सोळा आणे. खोली पाव हाताने कमी झाली की आणेही उतरत. सर्वांत खालची प्रत दोन आण्यांची. चुनखडी मिसळलेली, उताराची, पाणी साचणारी असे दोष आढळले की आणखी कपात. हीच मुंबई पद्धत पुढे १८६० च्या दशकात वऱ्हाडात लागू झाली. तुमच्या सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून जो हास्यास्पद वाटणारा रुपया-पैशांचा आकडा दिसतो, त्याची मुळे या पाहणीत आहेत. मला या पद्धतीचे एक कौतुक वाटते: सारा वसूल करण्याचा हेतू काहीही असो, त्यांनी रंगापेक्षा खोलीला महत्त्व दिले. एक वीतभर काळी माती आणि खाली मुरूम असेल तर ती जमीन भारी नव्हे, हे पटवाऱ्याला कळत होते. आजच्या प्लॉट-एजंटाला ते कळत नाही किंवा कळून घ्यायचे नसते.

आधुनिक वर्गीकरणही खोलीवरच येते. अमेरिकन कृषी खात्याच्या पद्धतीनुसार (ती १९७५ साली ग्रंथरूपाने आली) व्हर्टिसॉल म्हणवून घ्यायला पन्नास सेंटिमीटर खोलीपर्यंत किमान तीस टक्के चिकणकण हवेत, ठराविक काळाने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा हव्यात आणि ते चकाकते घसरपृष्ठ किंवा पाचरीसारखे तुकडे हवेत. आपल्या शिवारात टेकडीवरून नाल्याकडे चालत गेलात तर एकाच बेसाल्टवर तीन वर्ग भेटतात. माथ्यावर मुरमाड उथळ माती ती एन्टिसॉल, मधल्या उतारावर मध्यम ती इन्सेप्टिसॉल आणि सखल भागात भारी काळी ती व्हर्टिसॉल. भारतातल्या मातीची अशी मोजदाद करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन संस्था आपल्या नागपूरलाच आहे. ज्या गावाजवळ माती प्रथम नमुन्यादाखल अभ्यासली त्याचे नाव त्या मातीच्या मालिकेला देतात: नागपूर जिल्ह्यातली 'लिंगा', अकोला जिल्ह्यातली 'पारळ'. पारळचे पूर्ण वैज्ञानिक नाव मंत्रासारखे लांब आहे, पण फोडले तर सोपे आहे. त्यातला शेवटचा शब्द 'हॅप्लुस्टर्ट'. शेवटचे 'अर्ट' म्हणजे व्हर्टिसॉल, मधले 'उस्ट' म्हणजे कोरडा काळ मोठा पण पावसाळा ठरलेला, आणि सुरुवातीचे 'हॅप्ल' म्हणजे साधी, जादा भानगड नसलेली. त्याच्या अलीकडे 'सोडिक' असे विशेषण लागले आहे, आणि सगळी भानगड त्या विशेषणातच आहे.

आपल्यातल्या अनेकांची मुले आता अमेरिकेत असतात म्हणून सांगतो, टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओपासून डॅलसच्या पुढेपर्यंत हिची सख्खी मावसबहीण पसरलेली आहे. तिथली 'ह्यूस्टन ब्लॅक' ही माती त्या राज्याची प्रतिनिधी माती म्हणून निवडली गेली आहे. ती बेसाल्टची नव्हे, चुनखडीयुक्त चिकण-खडकाची. पूर्वी तिच्यावर उंच गवताचे माळ होते, नांगराखाली आल्यावर तिथेही कापूस आणि ज्वारीच आली. तीही हॅप्लुस्टर्टच. डॅलसकडचे लोक उन्हाळ्यात घराच्या पायाभोवती सच्छिद्र नळी टाकून जमिनीला पाणी पाजतात. बाग म्हणून नव्हे, पाया हलू नये म्हणून!

इथे आपण घराच्या प्रश्नावर येतो. काळी माती घर खाली दाबून पाडत नाही, ती घराला उचलते आणि सोडते. सगळे घर एकदम वर गेले आणि एकदम खाली आले असते तर कोणाला कळलेही नसते. पण घराच्या मध्यभागी ओल टिकते, कडा वाळतात. एका कोपऱ्यात न्हाणीचे पाणी मुरते, दुसऱ्या कोपऱ्यात कडुनिंब पाणी ओढतो. मग दाराच्या चौकटीपासून तिरपी चीर निघते. प्लास्टर करून ती बुजवणे म्हणजे तापावर टोपी घालणे होय. ओलाव्याचा हा वार्षिक खेळ आपल्याकडे साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालतो. त्याखाली माती शांत असते. म्हणून रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने पायाचे एक तंत्र विकसित केले: बारीक खांब खोल न्यायचा आणि त्याच्या बुडाशी घंटेसारखा फुगवटा द्यायचा, म्हणजे वरची माती ओढू लागली तरी खांब उपटत नाही. याला अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. दुसरा मार्ग मुंबई आयआयटीच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवला: फुगणारी माती काही खोलीपर्यंत काढून तिथे न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा दाबलेला थर द्यायचा. कालव्यांच्या कामात तो विशेष उपयोगी पडला. नुसती वाळू भरून हे साधत नाही. वाळू पाणी आत खेचून खालच्या काळ्या मातीला पोचवते. आमच्या एका नातेवाइकांच्या बंगल्यात ठेकेदाराने हेच केले आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर स्वयंपाकघराची फरशी ओट्याजवळ बोटभर उचलली.

आपली माती किती फुगते ते घरीही अजमावता येते. प्रयोगशाळेत बारीक चाळलेल्या कोरड्या मातीचे दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत घेतात. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेल स्मेक्टाइटच्या पापुद्र्यांत शिरत नाही, त्यामुळे तिथली माती आहे तेवढीच राहते. चोवीस तासांनी दोन्हींचे आकारमान पाहायचे. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात १५ म्हणजे पन्नास टक्के फुगवटा. याच्या पुढे गेली तर साध्या पायाचा विचार सोडून द्यावा.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावी. आपल्या मुलांच्या शाळांना सुट्ट्या बहुधा जुलै-ऑगस्टात असतात आणि आपण प्लॉट पाहायला जातो तो त्याच दिवसांत. सगळे हिरवेगार असते, भेगा मिटलेल्या असतात, माती लोण्यासारखी दिसते. खरेदी करायचीच असेल तर मे महिन्यात गावातल्या कोणाला तरी पाठवून जमिनीचा फोटो मागवा. शेजारच्या जुन्या घराचे कोपरेही पाहायला सांगा.

दम्मामची जमीन याच्या अगदी उलट, असे तुम्हाला वाटेल. वाळू आहे आणि किनाऱ्याजवळ सब्खा, म्हणजे खाऱ्या पाण्याने वरपर्यंत मीठ आणून टाकलेली सपाट जमीन. पण आपल्यापासून अर्ध्या तासावरच्या कतीफमध्ये आणि तिकडे अल-हसात वाळूखाली हिरवट चिकणमाती लागते, तिच्यातही स्मेक्टाइट आहे. या कतीफ-मातीवर इथल्या विद्यापीठांत पुष्कळ संशोधन झाले आहे, कारण तिने घरे तडकवली आहेत. गंमत अशी की इथे मोसमी पाऊस नाही, त्यामुळे ती माती हजारो वर्षे कोरडी झोपलेली होती. तिला जागे केले ते माणसाने: गळक्या नळांनी, सांडपाण्याच्या खड्ड्यांनी आणि अंगणातल्या हिरवळीने. आपल्याकडे आभाळ निदान सगळ्या घराला सारखे भिजवते.

आता आमच्या वावराची गोष्ट. आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला हा पट्टा 'खारपाणपट्टा' म्हणून ओळखला जातो. माती पुरुषभर खोल, कोळशासारखी काळी, विंगेटसाहेबाने डोळे मिटून सोळा आणे लिहिले असते अशी. पण जमिनीखालचे पाणी खारे. पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे कपाशी, तूर, मूग आणि ओलीवरचा हरभरा झाला, विहिरीच्या भरवशावर काही झाले नाही. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, गेली दोन वर्षे बोअरचा आग्रह धरून आहेत. पैसे मी पाठवावेत आणि त्यांनी ओलिताचा गहू घ्यावा, असा बेत. मी फोनवर नको म्हणालो तर म्हणाले, "तू तिकडं वाळूत राह्यतं आन मले काळ्या मातीचं सांगतं! पानी खारं आहे ते मानसाले, वावराले काय समजते?"

वावराला समजते, आणि ते फार सावकाश समजते, हीच अडचण आहे. पापुद्र्यांवर कॅल्शियम बसलेला असतो तोवर चिकणकण एकमेकांना धरून राहतात, त्यांचे बारीक गोळे होतात आणि मधून पाणी झिरपते. कोरड्या हवेत कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने वेगळा पडत जातो आणि त्याची जागा सोडियम घेऊ लागतो. सोडियमने भारलेले कण सुटे होतात, सुट्या कणांनी छिद्रे बुजतात. वर पाणी तुंबते आणि खाली मुळाशी कोरडे राहते. हीच चोपण. वर्गीकरणात पंधरा टक्के सोडियम झाला की 'सोडिक' हे विशेषण लागते. पण नागपूरच्या संशोधकांचे म्हणणे असे की स्मेक्टाइटच्या मातीत पाच टक्क्यांच्या पुढेच झिरपणे मंदावू लागते. पारळ मालिका आमच्याच शेजारची. तिच्यावर सोडियमयुक्त बोअरचे पाणी वर्षानुवर्षे सोडणे म्हणजे जे निसर्गाने हजारो वर्षांत थोडेसे केले ते आपण दहा वर्षांत पुरे करणे. पहिली दोन-तीन पिके उत्तम येतील, हेही मी दादांना सांगितले. तेच मला जास्त धोक्याचे वाटते.

उपाय नाही असे नाही. सोडियमला हुसकायला कॅल्शियम लागतो आणि त्याचे स्वस्त साधन म्हणजे जिप्सम. आपल्या प्रत्येकाच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात जे 'वाळवंटी गुलाब' ठेवलेले असतात, ते जिप्समचे स्फटिकच. इथल्या सब्खात ते आपोआप फुलतात. पण जिप्सम टाकल्यावर सुटलेला सोडियम खाली धुऊन न्यायला गोडे पाणी आणि निचरा दोन्ही लागतात. आमच्याकडे गोडे पाणी एकच, आभाळाचे. म्हणून मी बोअरऐवजी शेततळ्याला आणि चर काढायला पैसे देतो असे म्हणालो आहे. शिवाय रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरा करावा, म्हणजे जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि वरंब्यावर वाफसा लवकर येतो. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने ही पद्धत खास भारी काळ्या जमिनींसाठी आजमावली होती. दादांचा यावर आक्षेप असा की शेततळ्यात अर्धा एकर जातो. तो आक्षेप खोटा नाही. चार एकरांतला अर्धा एकर कागदावर लहान आणि बांधावर उभे राहिले की मोठा दिसतो. शेवटी एवढे ठरले की आधी माती आणि बोअरचे पाणी दोन्ही तपासायचे, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला येईल तो दोघांनी मानायचा. वहिनींनी मध्यस्थी केली नसती तर एवढेही ठरले नसते.

तुमच्यापैकी कोणाला असा नमुना घ्यायला सांगायचे असेल तर पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी, शक्यतो उन्हाळ्यात घ्यायला सांगा. शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे खड्डे करून कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा वगळावी. खारपाणपट्ट्यातली जमीन असेल तर वरच्या वीतभर मातीवर थांबू नका; एक खड्डा तीन फूट खणून दर फुटाची माती वेगवेगळ्या कापडी पिशवीत भरा, कारण सोडियम वरच्या थरात फारसा दिसतच नाही. पिशवीत आणि पिशवीबाहेर गट नंबर आणि खोली लिहिलेली चिठ्ठी हवी. खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरू देऊ नका. आमच्या पहिल्या नमुन्याचे तेच झाले, आणि आता दुसरा येत्या मे महिन्यात घ्यायचा आहे.